कानोशाला अनारसे

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी एक थाप मारलीय. ती कुठे मारली ते वेळ आली की कबूल करीन. बाकीचं सगळं घडलंय. हवं तर माझ्या मैत्रिणीला, पमाला विचारा. पमा नाही म्हणाली तर मात्र तिचं ऐकू नका.

दोन हजार पंचेचाळीसचा उन्हाळा. आमच्या निंबाळे नगरपरिषदेचा पोहायचा टँक आहे, पंधरा फूट खोल. दुपारी तीन ते चार तिथे बायकांची बॅच. सगळ्या साठीच्या पुढच्या. मी बहात्तर. जमिनीवर मला काठी लागते आणि जिना दिसला की देव आठवतो. पण पाण्यात गुडघे म्हणून काही नसतंच. आमच्या लहानपणी विहिरीत उड्या मारायचे ते भाऊ, आणि आम्ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. साठ वर्षं मी कपडेच सांभाळले. मग सत्तराव्या वर्षी यास्मिन शिकलगार नावाच्या बाईनं मला हाताला धरून पाण्यात घेतलं आणि म्हणाली, "आजी, आता तुमचे कपडे दुसरं कुणीतरी सांभाळेल."

ही यास्मिन मॅडम म्हणजे चाळिशीची, काटक, गळ्यात शिट्टी. तोंडाला कुलूप नाही. मला म्हणायची, "चारूआजी, पाय मारा, पोळ्या लाटताय का?" "पमाआजी, श्वास सोडा, तो काय माहेरचा दागिना आहे?" आणि आम्ही काय कमी? तास संपला की गेटाबाहेरच्या कडुनिंबाखाली बाकावर केस वाळवत बसायचो, शेंगदाणे खायचो आणि तिच्या नावानं खडे फोडायचो.

"पाणी आहे का बर्फ?"

"शिट्टी एक दिवस तिच्याच घशात अडकायची."

"मेली कैदाशीण! जीव घेते नुसता."

मी तर सांगितलं होतं, की तिनं माझा पाय धरून मला थेट तळाला नेलं आणि वर म्हणाली, यायचं तर या, नाहीतर मगरीबरोबर रहा. पमा हसून हसून बाकावरून पडली. मग निघताना सगळ्याजणी एकमेकींना काय म्हणायचो? "उद्या तीनला ये गं, उशीर करू नको."

बाकावर आणखी बरंच चालायचं. भाजी आणणारा ड्रोन मेला कोथिंबीर नेहमी पिवळीच आणतो. नगराध्यक्षीणबाईंना खुर्ची मिळाल्यापासून मान डावीकडे वळत नाही. नव्या मालिकेतली सासू माणूस नसून कॉम्प्युटरनं बनवलेली आहे, तरी खऱ्या सासूपेक्षा बरी. असलंच सगळं. चहाबरोबर बिस्किट लागतं तसं आम्हाला मत लागतं.

आणि त्या कडुनिंबाच्या खोडावर होता कानोसा.

जेवणाच्या डब्याएवढी स्टीलची पेटी, वर बोटभर सोलर पट्टी. गावात अशा चौसष्ट होत्या. गिरणीत, एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, पाण्याच्या टाकीखाली. ती बसवणारा इंजिनियर म्हणजे आमचा नातजावई विहान. माझ्या अन्वीचा नवरा. दोघं माझ्याकडेच राहतात. त्यानंच मला एकदा आमटी ओरपत समजावलं होतं.

"आजी, माणसाला समोर बसवून मत विचारलं की तो चांगलं दिसेल ते बोलतो. फॉर्मवर लिहायला लावलं तर आणखीच. पण कट्ट्यावर बोलताना तो सावध नसतो. आवाजाची पट्टी, दोन शब्दांमधला श्वास, उत्तर किती पटकन आलं, यावरून कळतं की हे मनातलं आहे का नाही. कानोसा तेवढंच ऐकतो. विषय कुठला आणि त्यावर किती उणे, किती अधिक. आवाज लगेच पुसून टाकतो, नुसती वाक्यं ठेवतो. कोण बोललं ते त्यालाही कळत नाही."

"आणि कुणी मुद्दाम जाऊन बोललं तर?"

"ठरवून बोलताना घसा आवळतो, श्वास एकसारखे पडतात. तो ते ओळखतो. वजन शून्य."

दर सोमवारी नगरपरिषदेच्या पाटीवर कौल लागायचा. नियम साधा होता. गावाची कुठलीही सेवा सलग तीन सोमवार उणे पन्नासच्या खाली गेली की बंद. नगराध्यक्षीणबाई खूश. काहीही बंद झालं की म्हणायच्या, "आम्ही नाही हो, जनतेनं ठरवलं."

बंद काय काय झालं? मंगळवारचा बाजार. वाचनालय. सकाळची तालुक्याची बस. म्हणजे गाव ज्याच्यावर जगायचं ते सगळं. आणि जोरात काय चालू होतं? प्लास्टरच्या हरणाचा सेल्फी पॉइंट. तिथे कुत्रंही जायचं नाही, म्हणून त्याबद्दल कुणी वाईट बोलायचं नाही. आम्ही आपलं नेहमीसारखं सरकारच्या नावानं बोटं मोडली.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका सोमवारी टँकच्या गेटावर कागद. "महिला बॅच व प्रशिक्षक. उणे त्रेसष्ट. सलग तिसरा आठवडा. एक जुलैपासून टँक बंद. त्या जागी सेल्फी पॉइंट टप्पा दोन." आणि खाली, नागरिक काय म्हणतात त्याचे नमुने. नावं नाहीत, नुसती वाक्यं. पाणी आहे का बर्फ. शिट्टी घशात अडकायची. कैदाशीण. सगळ्यात वर, ठळक अक्षरात, सर्वाधिक वजन: पाय धरून तळाला नेलं.

यास्मिन मॅडम ते वाचत उभ्या होत्या. आम्ही मागे, टॉवेल खांद्यावर टाकून, चोरासारख्या.

त्या वळल्या. माझ्याकडेच बघितलं. "हे मी कधी केलं, आजी?"

"अहो, ती आपली गंमत..."

"तीन वर्षं मी तुम्हाला पाण्यात एकदासुद्धा हातातून सोडलं नाही." एवढंच म्हणाल्या. मग शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. "चला. आपण सर्वांनी कृपया पाण्यात उतरावं."

कृपया! त्या दिवशी पाणी खरंच बर्फासारखं लागलं. मी पाय वाकडे मारले, पमानं नाकातोंडात पाणी घेतलं, तरी बाई एक शब्द बोलली नाही. "छान. आपण छान करताय." मला कुणी इतकं टाकून बोललेलं आठवत नाही.

घरी येताना मी ठरवलं. टँक बंद होऊ द्यायचा नाही. आणि त्या बाईच्या तोंडून परत शिवी ऐकल्याशिवाय मरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी एक्केचाळीस बायकांच्या सह्यांचा अर्ज घेऊन नगरपरिषदेत गेले. तिथल्या साहेबांनी तो चष्मा लावून वाचला आणि परत दिला.

"आजी, अर्ज म्हणजे विचार करून दिलेलं मत. ते आता धरत नाहीत."

"मग काय धरता?"

"बिनविचाराचं. ते खरं असतं."

बरं. मग आम्ही कडुनिंबाखाली बसून कौतुक करायचं ठरवलं. पमा पेटीकडे तोंड करून, हात जोडून म्हणाली, "यास्मिन मॅडम या फार... फारच कष्टाळू आहेत." शाळेतली प्रतिज्ञा म्हटल्यासारखं. मी म्हटलं, "नेहमीसारखं बोल की." तर म्हणते कशी, "नेहमीसारखं कौतुक मी कधी केलंय? चाळीस वर्षांत पोराचं केलं नाही. दृष्ट लागते." तेही खरंच. आमच्यात जे जिवाजवळचं, त्याला तोंडभर नावं ठेवायची. बाळ गुटगुटीत असलं तर गालाला काजळ लावायचं आणि म्हणायचं, काय मेलं काळं ध्यान! सोमवारी कौल आला. अधिक मतं सतरा, वजन शून्य.

त्या संध्याकाळी मी चिडून स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. विहान ऑफिसातून आला आणि बूट दारात काढले. "हा बघा," मी म्हटलं, "उंबऱ्यात बूट! आईनं वळण नावाची वस्तू दाखवलीच नाही. आणि शेपूची भाजी केलीय, गिळ आता गरम आहे तोवर."

अन्वी हसायला लागली. "आजी, लग्न झालं तेव्हा वर्षभर तू त्याला 'अहो विहानराव' म्हणायचीस. एक वाकडा शब्द नाही. बिचारा मला विचारायचा, आजींना मी आवडत नाही का?"

माझ्या हातातला डाव हातातच राहिला.

"विहान," मी म्हटलं, "माणूस चिडून बोलतो आणि मायेनं शिव्या देतो, यातला फरक तुझ्या पेटीला कळतो?"

त्यानं घास थांबवला. "दोन्हीत आवाज तापतो. कानोसा तेवढा तापच मोजतो. शब्द उणे असले की उणे."

"म्हणजे चुलीचा जाळ आणि आगीचा जाळ एकच?"

"ते यंत्र शहरातल्या सोसायट्यांमधल्या बोलण्यावर शिकलंय, आजी. तिथे माणसं नावडत्यालाच नावं ठेवतात."

"आणि तो नियम, सगळ्या सेवांना लागू?"

"सगळ्या."

"कानोसा ही सेवाच ना?"

"कागदावर आहे. पण कानोशाबद्दल बोलतं कोण? उल्लेख शून्य."

"आणि तो बंद झाला तर? टँकचं काय?"

"जे कौल अजून अमलात आले नाहीत ते रद्द. आजी, काय चाललंय तुमचं? तिथं थापा चालत नाहीत."

"थापा कोण मारतंय?"

"पाय धरून तळाला नेलं, ते कुणाचं वाक्य? यंत्राला नाव कळत नाही, मला कळतं. मगर तुमच्याशिवाय कोण आणणार? सगळ्या गावात तुमच्या वाक्याला जास्त वजन पडलं. श्वास कुठे अडखळतच नाही."

मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. "हे बघ, तोंडावर सांगते. मी तुझं यंत्र बंद पाडणार आहे. तूप घे."

"माझी नोकरी जाईल, आजी."

"टँकच्या पंपाला दोन वर्षं माणूस नाही. तूप घे म्हटलं ना."

तो अर्धा जेवून उठला. आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पोरगं हुशार होतं, त्याला दहा कामं मिळाली असती. यास्मिनचा टँक एकच होता.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता, म्हणजे धोंड्याचा महिना. धोंड्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे, वर दिवा ठेवून. मी तांदूळ भिजत घातले. तिसऱ्या दिवशी पीठ कुटलं, गुळात मळलं, खसखशीवर थापून जाळीदार अनारसे तळले. कडुनिंबाखाली जाऊन पेटीला कुंकू लावलं, वर उपरणं टाकलं, ताट धरून ओवाळलं आणि म्हटलं, "जावईबापू, तुम्ही आमच्या दारात दोन वर्षं उभे. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. चुकलं आमचं."

बायका आधी खिदळल्या. पण आमच्या गावात एकीनं धोंड्याचं वाण दिलं आणि दुसरी मागे राहिली, असं झालंय कधी? चार दिवसांत गिरणीतल्या पेटीला अनारसे, सलूनमधल्या पेटीला टोपी, टाकीखालच्या पेटीला चांदीचा दिवा. कुणी तिला दाजी म्हणू लागलं, कुणी पाव्हणं. एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरनं तर रोज सकाळी पहिला चहा पेटीपुढे ठेवून मगच आपला प्यायला सुरुवात केली.

सोमवारी कौल: कानोसा, अधिक बारा. पमानं कपाळावर हात मारला. "अगं, हे उलटंच झालं!"

"थांब," मी म्हटलं. "नवा जावई आहे. आठ दिवस कोडकौतुक चालायचंच."

आणि झालंही तसंच. दुसऱ्या आठवड्यात गिरणीत पहिली ठिणगी पडली. "तेहतीस अनारसे दिले, पण तोंडातून एक शब्द फुटेल तर शपथ." सलूनमध्ये: "आमचं पाव्हणं नुसतं ऐकून घेतं, आमच्या मेव्हण्यासारखं. काम सांगा, गायब." टाकीखाली: "नळाला पाणी नाही हे दाजींना ऐकू येत नाही. कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते बरं ऐकू येतं!" एकीनं पेटीवर धूळ बसली म्हणून पदरानं पुसली आणि पुसताना म्हणाली, "स्वतःचं तोंड धुवायची अक्कल नाही, निघालाय गावाचं ठरवायला." यात खोटं काही नव्हतं. एकदा आपला म्हटल्यावर माणूस राहतो थोडाच सुखात? जावई हा दहावा ग्रह, असं म्हातारी माणसं उगीच नाही म्हणत.

उणे नऊ. उणे अडतीस. मग उणे चोपन्न. त्याच्या पुढच्या सोमवारी उणे एकसष्ट. आता एकच सोमवार उरला होता, सव्वीस जून. त्यानंतर पाच दिवसांत टँकमध्ये माती पडणार.

आणि नेमकी तेव्हा बोंब झाली. पाटीवर आलं, "कानोसा सेवा बंद होण्याच्या मार्गावर." गाव हळहळलं! गिरणीवाली डोळे पुसत म्हणाली, "बिचारा कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही." स्टँडवर: "गरीब होता हो. चहालासुद्धा कधी नाही म्हणाला नाही." आमच्यात हे असंच. माणूस निघाला की सगळ्यांना त्याचे गुण दिसायला लागतात. शुक्रवारी विहान घरी आला, बूट हातात घेऊन कपाटात ठेवले आणि न विचारताच म्हणाला, "उणे बावन्न. वर चढतोय."

"मला का सांगतोयस?"

"काल गिरणीतली पेटी दुरुस्त करत होतो. तीन बायका माझ्याचबद्दल बोलत होत्या. सावळा आहे, मुका आहे, अन्वीला याच्यात काय दिसलं. मग मला लाडू दिला. पेटीनं माझ्या नावावर उणे सत्तर टाकले, आजी. माझ्या हातात लाडू होता."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काठी उचलली.

आता ती थाप. कबूल करते म्हटलं होतं ना?

शनिवारी सकाळी गिरणीत गेले. दळणाला वीस बायका. मी बसले आणि सहज म्हटलं, "ऐकलंत का? जात नाहीये तो. बदली रद्द. वरून चिठ्ठी आली. आणखी पंधरा वर्षं इथंच राहणार, घरजावई म्हणून. प्रत्येक घरात एक पेटी, देव्हाऱ्याशेजारी. आणि दर धोंड्याला तेहतीस अनारसे सक्तीचे."

श्वास कुठेही अडखळला नाही.

मग जो भडका उडाला! "घरजावई? आमच्या घरात?" "तेहतीस? माझ्या मनगटात जीव आहे का?" "देव्हाऱ्याशेजारी म्हणे, मेल्याची पायरी आहे का ती!" दुपारपर्यंत बातमी सलूनमध्ये पोहोचली, संध्याकाळी स्टँडवर. कंट्रोलरनं पेटीपुढचा चहा उचलून स्वतः पिऊन टाकला.

सोमवारी सकाळी आम्ही एक्केचाळीस जणी नगरपरिषदेच्या पाटीसमोर उभ्या. मागे विहान. दहा वाजता अक्षरं फिरली.

कानोसा. उणे ब्याऐंशी. सलग तिसरा आठवडा. नागरिकांच्या इच्छेनुसार सेवा बंद.

नगराध्यक्षीणबाई बाहेर आल्या. पाटी वाचली, आम्हाला बघितलं. मी म्हटलं, "आम्ही नाही हो बाई, जनतेनं ठरवलं." त्या दिवशी त्यांची मान डावीकडे वळली.

टँक वाचला. विहान पंपावर लागला. पहिल्याच आठवड्यात त्यानं चौसष्ट पेट्यांच्या सोलर पट्ट्या उतरवून टँकच्या छपरावर जोडल्या आणि पाणी कोमट केलं. लगेच पमा म्हणाली, "हे काय, पोहायचंय का आंघोळ करायचीय?" विहान हसला. पोरगं आता शिकलं होतं.

पण यास्मिन मॅडम? शिट्टी अजून खिशातच. "आपण छान करताय." सगळं गाव जिंकून मी त्या एका कृपयापुढे हरत होते.

मग एक दिवस तास संपल्यावर सगळ्याजणी बाहेर गेल्या आणि मी पाण्यातच राहिले. मॅडम काठावर उकिडव्या बसल्या.

"आजी, वेळ झाली. बाहेर यावं."

"मी तुमची बदनामी केली," मी म्हटलं. "ज्याच्यावर जीव, त्याच्याच करते. सवय आहे. माझ्या आईनं मला आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नाही, आणि ती गेली तेव्हा तिच्या उशाखाली माझा चौथीतला पेपर निघाला. आता तुम्हाला राग धरायचा तर धरा. पण मला आपण म्हणू नका. मला ते सोसत नाही."

त्यांनी मग खिशातून शिट्टी काढली आणि गळ्यात घातली.

"तळाला नेलं म्हणून साऱ्या गावात सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग चला. बदनामी झालीच आहे, निदान खरी तरी होऊ दे." आणि धाडकन पाण्यात उडी! माझा हात पकडला. "श्वास भरा. मोठा. अहो म्हशीसारख्या बघत काय बसलात? भरा!"

गेलो की आम्ही खाली. कानात सगळं गप्प. गुडघे नाहीत, वय नाही, नुसता निळा उजेड आणि हाताला तिचा घट्ट हात. मी पायानं तळाला शिवले. गार, बुळबुळीत फरशी. बहात्तर वर्षांत मी इतक्या खाली कधी गेले नव्हते आणि इतकी हलकी कधी झाले नव्हते.

वर आलो तर मला खोकला आवरेना. मॅडम पाठ थोपटत ओरडत होत्या, "नाक दाबायला कुणी सांगायचं, पत्रिका पाठवायची का?"

"मेली कैदाशीण," मी म्हटलं.

आता बाकावर कुणी नवीन बाई आली की मी तिला ही सगळी हकीकत सांगते. पंधरा फूट खाली गेले होते म्हणून सांगते. टँकवर तर मोठ्या अक्षरांत आठ फूट लिहिलंय. यास्मिन मॅडम शेजारीच केस पुसत बसलेल्या असतात. सगळं ऐकतात आणि म्हणतात, "वीस होतं, आजी. तुम्ही डोळे मिटले होते."